कॅसेटमधली शिंक

देवळीच्या बसस्टँडसमोर माझं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं. त्या धंद्यात मी एक गोष्ट पक्की शिकलो. बिघाड यंत्रात कमी असतो, यंत्र घेऊन येणाऱ्यात जास्त. पण पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या त्या उन्हाळ्यात कमालच झाली. एका आठवड्यात सहा जण आपापला टेप काखोटीला मारून आले आणि सहाही जणांची तक्रार एकच.

"याच्यातून ढोलकी ऐकू येऊन नाई राह्यली. पाय बरं काय झालं त."

टेप ठणठणीत होते. सहाही टेपांत एकच कॅसेट होती, ती मीच भरून दिली होती, आणि तिच्यात ढोलकी नव्हतीच. पेटी नव्हती, बेंजो नव्हता, झांजासुद्धा नव्हत्या. होता फक्त माझ्या मित्राचा आवाज, एक तुणतुणं, एक उपडा लोटा, आणि तिकिटाला भोक पाडायचा तो कंडक्टरचा पंच. हे मी सांगितलं तरी लोकांना पटेना. "असं कसं? गाणं आहे म्हन्ल्यावर ढोलकी असनच ना. दबली असन कुठंतरी. तू खोलून त पाय!" असं म्हणत ते टेप माझ्या टेबलावर ठेवून जात. मी दोन दिवस टेप तसाच ठेवी, वरची धूळ पुसे आणि परत देई. काही जण सांगायचे, आता थोडी थोडी ऐकू येते.

माझा मित्र वर्धा-देवळी-पुलगाव गाडीवर कंडक्टर होता. आम्ही एका बाकावर शिकलो आणि एकाच दिवशी छड्या खाल्ल्या. गर्दीतून पुढे सरकताना तो लोखंडी दांडीवर पंच टकटकवत "तिकीट, तिकीट" करायचा, आणि त्या टकटकीवर त्याला ओळी सुचायच्या. ड्यूटी संपली की तो त्या एका जाड वहीत उतरवून ठेवी. कोंबडी घेऊन चढलेल्या बाईचं गाणं होतं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्याचं होतं. मागच्या सीटवर आदळत लग्नाला निघालेल्या नवरदेवाचंही होतं. उपदेशाचा त्या वहीला वारासुद्धा लागलेला नव्हता.

वहीच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी. सत्तरच्या दशकात आम्ही दोघंही गावच्या भजनी मंडळात होतो. मी झांजा घेऊन मागे बसायचो, कारण तिथे फारसं कळावं लागत नाही. मित्र गायचा. ढोलकीवर चक्कीवाला भाऊ असायचा. पिठाची चक्की त्याची, आमच्याहून दहा वर्षांनी मोठा. चक्कीच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे तो कानात सांगायची गोष्टही ओरडून सांगे. त्याचे हात कधी स्वस्थ नसत. गिऱ्हाइकाच्या डब्यावर, तराजूच्या पारड्यावर, काहीच नसलं तर स्वतःच्या मांडीवर त्याची बोटं नाचत. त्याची ढोलकी एकदा सुरू झाली की गाणाऱ्याचं तोंड हलताना दिसे, एवढंच.

एकदा मित्राने त्याला म्हटलं, "भाऊ, थोडं हळू वाजवा ना."

चक्कीवाला सगळ्या मंडळासमोर ओरडला, "अबे, माह्या ढोलकीच्या आडोशानं चालून राह्यला तुहा आवाज! ढोलकी काढली त कुत्रंबी उभं नाई राह्यचं!"

सगळे हसले. मीही हसलो, हे कबूल केलेलं बरं. मित्राने चप्पल पायात घातली आणि तो निघून गेला. पुन्हा मंडळात आला नाही.

मला वाटलं, विसरला असेल. मी विसरलो होतो. पण दहा-बारा वर्षांनी माझ्याकडे एक चांगला माइक आला, तेव्हा तो वही काखेत घेऊन दुकानात येऊन बसला.

"माह्यी गाणी भर कॅसेटमध्ये," तो म्हणाला. "पण उघडी. ढोलकी नाई, पेटी नाई. लोकायनं उघडी ऐकली अन् त्यायले आवडली, त लिहीन पुढं. नाई आवडली, त वही चुलीत."

"वही कायले चुलीत घालतं बे?"

"मंग काय करू? मले समजतच नाई, मी गाऊन राह्यलो का आडोसा शोधून राह्यलो. एकडाव समजलं पायजे."

तो थट्टा करत नव्हता. ज्याच्याकडे तिकीट नाही त्याला खाली उतरवायचं, हा त्याचा कायदा होता, आणि तो आता स्वतःलाच तिकीट विचारत होता. मला त्याची भीती वाटली. हा माणूस खरोखर वही जाळेल, हे मला माहीत होतं.

रेकॉर्डिंग दुकानात करणं शक्य नव्हतं, गाडीचा हॉर्न पाच-पाच मिनिटांनी वाजायचा. म्हणून आम्ही माझ्या थोरल्या भावाच्या घरी कापसाच्या खोलीत गेलो. वेचणीचा कापूस आढ्यापर्यंत भरलेला होता, मधे दोन माणसं बसतील एवढीच जागा. त्या खोलीत आवाज घुमत नाही, कापूस तो गिळून टाकतो. हे ज्ञान मला लहानपणीच मिळालं होतं. मार चुकवायला मी तिथे लपायचो आणि आईची हाक ऐकूच यायची नाही. गैरसोय एकच, खाज. शिवाय नाकात जाणारे तंतू.

मित्राने एक पितळी लोटा उपडा घातला. गाडीच्या घंटीऐवजी तो होता. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. त्याने लोट्यावर दोन टोले दिले, तुणतुणं छेडलं, पंच टकटकवला, तोंड उघडलं, आणि मला शिंक आली. साधीसुधी नाही, कापसाच्या खोलीतली शिंक.

"पुन्हा घेऊ," मी म्हटलं.

"राहू दे. गाडीत शिंकत नाईत काय लोक?"

तशीच सगळी गाणी झाली. तिसरं गाणं त्याच्या वडिलांवर होतं. गावाच्या फाट्यावर वडील रोज पोराच्या गाडीची वाट पाहत उभे राहायचे, हातात पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकर. मित्र दोरी ओढायचा, गाडी क्षणभर थांबायची, भाकर हातात यायची, गाडी निघायची. वडील गेले, आणि तो फाटा ओस पडला. त्या गाण्यात दोन ओळी होत्या:

"बाप उभा जिथं राहे, तिथं आता बाभूळ पाहे,
उतरनारं कोनी नाई, तरी हात दोरीले जाये."

आणि मग लोट्यावर एकच टोला. हे मी आज सांगतोय. त्या दिवशी मी आवाजाची पातळी दाखवणाऱ्या टेपच्या काट्याकडे पाहत होतो, काटा लाल रेघेपलीकडे जातोय का एवढंच. गाणं मी ऐकलंच नाही.

कॅसेटी भरून मी ओळखीपाळखीत वाटल्या. देवळीत मत द्यायला कोणाची ना नसते, मागितलं नसलं तरी मिळतं. समोरचा टेलर म्हणाला, "कापड चांगलं आहे, पन अस्तर नाई लावलं." निवृत्त मास्तरांनी चष्मा वर सरकवून सांगितलं की गाण्यात कोंबडी आली तिथेच ते गाणं पडलं. बसस्टँडवरच्या हॉटेलवाल्याने मोठ्या हौसेने कॅसेट लावली, तर पंच टकटकला आणि लोट्यावर दोन टोले पडले तसे अर्धे गिऱ्हाईक चहा तसाच टाकून पिशव्या उचलून बाहेर धावले. तिथे गाडीबिडी काही नव्हती. असं तीनदा झाल्यावर त्याने कॅसेट मला परत आणून दिली. "गाणं चांगलं आहे बावा," तो म्हणाला, "पन धंद्याचं नाई."

माझी आई डाळ निवडत ऐकायची. एकदा पाहतो तर तिने टेपसमोर पाण्याचा पेला ठेवलेला. विचारलं तर म्हणाली, "इथंच बसून बोलल्यासारखा वाटते तो. उन्हातून आला असन म्हन्लं." मी तिला हसलो. मला तेव्हा कळायला हवं होतं की सगळ्या गावात खरं मत एवढं एकच आलं होतं.

आणि माझी शिंक. आमच्याकडे कामाला निघताना शिंक झाली तर पुढे जात नाहीत. थांबायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं. कॅसेटमधली शिंक ऐकली की लोक टेप बंद करत, पाणी पीत, आणि अपशकुन नको म्हणून कॅसेट मागे नेऊन पुन्हा सुरुवातीपासून लावत. सुरुवातीला पुन्हा शिंक. पलीकडच्या गावच्या एका आजीबाईंनी पहिल्या दिवशी अशी तीनदा पाणी पिऊन गाणं ऐकलं नि पोट फुगलं म्हणून बाकीचं दुसऱ्या दिवशी ऐकलं.

मित्र रोज ड्यूटी संपली की दुकानात डोकवायचा. "काय म्हनते लोक?"

मी सांगायचो, "ऐकून राह्यले. येळ लागते."

"ढोलकी मांगते का?"

"नाई बे."

खोटं बोलणं मला जड जात नाही, पण त्याचा चेहरा पाहताना जड जायचं. टेबलावर कोणाचा ना कोणाचा टेप ढोलकीची वाट पाहत पडलेला असे. एक दिवस तो म्हणाला, "या महिन्यात पाहतो. नाई त आखाडीच्या सनाले पुरन शिजन, त्याच चुलीत टाकतो." मग माझी अक्कल चालली, म्हणजे जी काही होती ती. मी सरळ चक्कीवर गेलो.

चक्कीवाल्याला मी काय सांगितलं? एवढंच की कंडक्टरच्या गाण्यांना ढोलकी हवी आहे. कंडक्टरला सांगू नका. तो लगेच तयार झाला, वाजवायला त्याला कारण कधीच लागायचं नाही. थोरल्या भावाच्या त्याच कापसाच्या खोलीत मी एका टेपवर मित्राची कॅसेट लावली, चक्कीवाल्याने जोडीला ढोलकी धरली, आणि दुसऱ्या टेपवर दोन्ही मिळून भरून घेतलं. सुरुवातीलाच मी त्याला खूण केली आणि त्याने अशी दणकून थाप मारली की माझी शिंक तिच्याखाली गाडली गेली. त्याचं मला जरा बरंही वाटलं. शिंक आपली, गावभर फिरत होती.

तिसऱ्या गाण्यात मधेच ढोलकी थांबली. मी टेपवरून मान वर केली. चक्कीवाल्याचा हात हवेत होता. गाणं संपेपर्यंत तो तसाच बसला, मग चौथ्याला पुन्हा सुरू झाला.

"काऊन थांबले, भाऊ?"

"खाज सुटली हाताले," तो म्हणाला. कापसाच्या खोलीत यापेक्षा खरं कारण कोणतं असणार? पुन्हा भरायचा मला कंटाळा आला. मी तसंच ठेवलं.

नव्या कॅसेटी मी जुन्यांच्या जागी गपचूप देऊ लागलो. गाव खूश! टेलर म्हणाला, आता अस्तर लागलं. टेप दुरुस्तीला ठेवून गेलेले म्हणाले, पाहा, आम्ही म्हणत होतो ना दबली होती. हॉटेलवाल्याने पुन्हा लावली आणि चहा पूर्ण पिऊन लोक उठू लागले. मी मित्राला सांगितलं, "आवडली बे लोकायले. लय आवडली." तो दुकानातल्या स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसला. त्या दिवशी त्याने नवं गाणं लिहायला घेतलं, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होऊन घरी गेलो.

मित्राच्या घरी टेप नव्हता, आणि स्वतःचा आवाज ऐकायची त्याला इतकी लाज की कॅसेट वाजत असली तर तो हॉटेलाकडे फिरकतही नसे, त्यामुळे त्याला काही कळलं नसतं. पण आजीबाईंची कॅसेट टेपमध्ये गुंतली, त्यांनी ती माझ्याकडे पाठवली, आणि मी मोठ्या मनाने नवी भरून दिली. आठ दिवसांनी आजीबाई मित्राच्या गाडीत चढल्या आणि सगळ्या गाडीसमोर त्यांनी विचारलं, "कंडक्टरभाऊ, तुमची शिंक काऊन काढली? शिंक झाली का पानी प्याव, मंग गाणं ऐकाव, अशी सवय लागली मले. अन् हे ढोलकं कायले घातलं मधात?"

त्या दुपारी तो खाकी कपड्यांतच, पिशवी खांद्याला लटकवून, दुकानात आला.

"माह्यी कॅसेट लाव."

मी पहिली कॅसेट काढली.

"ते नाई. आजीले देली तशी."

मी लावली. थाप पडली. तो स्टुलावर बसला आणि टेपकडे पाहत राहिला. दोन गाणी झाली. मी बंद करायला हात पुढे केला तर त्याने माझं मनगट धरलं.

"तुह्यी वही वाचवाले केलं मी," मी म्हटलं.

"वही वाचवली. मले घातलं चुलीत," तो म्हणाला. "म्हनजे उघडं कोनी ऐकलंच नाई. आजीबी शिंकेसाठीच ऐके."

इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही फारशी वाटलेली नाही. तेवढ्यात तिसरं गाणं आलं. ढोलकी चालू होती, आणि बाभळीच्या ओळीपाशी ती थांबली. मित्राचा आवाज एकटा पुढे गेला. लोट्यावर एक टोला पडला. गाणं संपलं तरी ढोलकी परत आली नाही.

"हे काऊन थांबलं?"

"त्याच्या हाताले खाज सुटली म्हने."

मित्राने मला पुन्हा तेवढंच वाजवायला लावलं. ऐकलं, आणि उठला. "चल."

चक्कीवर दुपारची गर्दी होती. सात-आठ बायका डबे घेऊन रांगेत होत्या, चक्की घरघरत होती, आणि चक्कीवाला भाऊ पिठाने पांढराफटक होऊन एका डब्यावर ताल धरून उभा होता. मित्राने ओरडून विचारलं, "भाऊ, तिसऱ्या गान्यात ढोलकी काऊन थांबवली?"

चक्कीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने कधी न केलेली गोष्ट केली. रांग उभी असताना बटण दाबून चक्की बंद केली. पट्टा मंदावत मंदावत थांबला. वीज गेली असं समजून बायका वर पाहू लागल्या.

"खाज नवती," तो म्हणाला. आवाज मोठाच निघाला, मग त्याने तो खाली आणला. तो हळू बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. "तुहा बाप ज्वारी आने माह्याकडं. बसा म्हन्लं तरी नाई बसे. पोराची गाडी निघून जाईन म्हने. मी थापेले हात उचलला, अन् तो फाट्यावर उभा दिसला मले. मंग हात खाली आलाच नाई."

मित्र मग म्हणाला, "तुमीच म्हन्ले होते, ढोलकी काढली त कुत्रंबी उभं नाई राह्यचं."

"म्हन्लं होतं. वाजवनाऱ्याले गाणं कुठं ऐकू येते बे? त्या दिवशी पह्यल्यांदा ऐकलं." त्याने अंगावरचं पीठ झटकलं. "आता म्हन. इथंच म्हन, उघडं. हा पाय, मी उभा आहो."

मित्राने पिशवीतून पंच काढला. एका बाईने आपला रिकामा डबा उपडा करून त्याच्यासमोर ठेवला. तो श्वास घेणार, एवढ्यात झटकलेलं ते सगळं पीठ माझ्या नाकात गेलं आणि मी शिंकलो.

शिंक झाली म्हटल्यावर थांबायलाच हवं. सगळे थांबले. कोणीतरी कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला, तो हातोहात फिरला, सगळ्यांनी एकेक घोट घेतला. मित्र माझ्याकडे पाहून हसला. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच तो असा हसला. मग त्याने डब्यावर दोन टोले दिले आणि वडिलांचं गाणं सुरू केलं.

बाभळीच्या ओळीपाशी मी चक्कीवाल्याकडे पाहिलं. त्याने आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. माझ्यापुढे त्या दिवशी टेपचा काटा नव्हता, म्हणून मीही ते गाणं पहिल्यांदाच ऐकलं.